शाळा सुटायच्या टायमाला जाऊन उभी राहा

पत्र लांबलचक होतं, थोडं छाटून देते.

"मावशी, आम्ही मूळचे धरणगाव तालुक्यातले, पण लग्न झाल्यापासून बारा वर्षं सुरतेत, उधन्याला राहतो. मिस्टर बँकेत आहेत, त्यांची बदली जळगावला झालीय, जूनमध्ये हजर व्हायचंय. मुलगी चौथीत आहे, इंग्लिश मीडियम. मुलाला ऑगस्टमध्ये सहा पूर्ण होतील. आमच्या बिल्डिंगमध्ये ओडिशाचे, राजस्थानचे, यूपीचे, आपले खान्देशी, तळमजल्यावर एक बोहरी कुटुंब, पोरं कोणाच्याही घरात जेवून येतात. दिरांनी जळगावात हायवेच्या पलीकडे प्लॉट बघून ठेवलाय, म्हणे सगळे आपलेच लोक आहेत, पोरगी मोठी होतेय, सेफ पडेल. सासूबाई पण तेच म्हणतात. मला वाटतं पोरं डबक्यात वाढतील, पण सेफ्टी तर मला पण हवीच आहे. कोणी म्हणतं भुसावळ बघा, नणंद धुळ्याला देवपुरात आहे ती म्हणते इकडे या. कुठला एरिया चांगला, कुठली शाळा चांगली? २७ तारखेच्या आत टोकन द्यायचंय. — एक आई, सुरत."

पोरी, तुझं सगळं पत्र वाचलं पण नजर जाऊन अडकली त्या २७ तारखेवर. टोकन देऊ नको. दिरांना सांग मावशीने मोडता घातला, माझ्यावर ढकल, मला सवय आहे. जो प्लॉट २७ तारखेनंतर मिळणारच नाही म्हणतात ना तो २८ ला पण मिळतो आणि दिवाळीला पण मिळतो, कधीकधी तर दिवाळीला थोडा स्वस्त मिळतो.

मी हे तोंडाला येईल ते बोलत नाहीये, आम्ही हेच करून बसलो होतो. मोठा दुसरीत असताना हायवेच्या पलीकडे प्लॉट घेतला. लेआउटच्या नकाशावर समोर रुंद रस्ता, कोपऱ्यात ओपन स्पेस, त्यात हिरव्या रंगाने झोके काढलेले, घसरगुंडी पण काढलेली. रस्ता व्हायला नऊ वर्षं लागली. ओपन स्पेसमध्ये आधी बाभळी उगवल्या मग मंदिर झालं, देवाबद्दल माझं काही म्हणणं नाही पण पोरांनी बॅट काढली की आरतीची वेळ झाली म्हणून हाकलायचे. आणि आपली काळी माती तुला माहीत नाही असं नाही, जुलैमध्ये चप्पल चिखलात राहायची आणि पाय वर यायचा. दूधवाला कॉर्नरच्या डांबरापर्यंत यायचा, तिथून हाक मारायचा, पातेलं घेऊन आपण जायचं.

पण हे सगळं सहन होतं, खरी गोष्ट वेगळीच झाली. मुलाची शाळा हायवेच्या अलीकडे, गावात. रिक्षा लावली होती. एक दिवस रिक्षावाल्याला वळसा घ्यायचा कंटाळा आला, त्याने पोराला हायवेच्या त्या बाजूला उतरवून दिलं, म्हणाला जा पळत. सात वर्षांचं पोर, पाठीवर दप्तर, समोरून ट्रकवर ट्रक, ते काही पळालं नाही, तिथेच उभं राहिलं. मी घरी भाकरी थापत होते, मला काय माहीत. चाळीस मिनिटांनी त्याला घेऊन आला तो पंक्चरच्या टपरीवरचा पोऱ्या, बिहारचा होता, असेल अठरा-एकोणीस वर्षांचा. हात काळे म्हणून पोराला मनगटाने धरलेलं, माझ्या पोराच्या शर्टाच्या बाहीवर ग्रीसचे डाग होते ते मी मुद्दाम बरेच दिवस धुतले नाहीत. आणि गंमत बघ, त्याच महिन्यात आमच्या कॉलनीची मीटिंग झाली होती, विषय होता की या टपऱ्या उठवा, बाहेरचे लोक येऊन बसतात, आपल्या लेकीबाळींना त्रास. आमच्या घरातून पण सही गेली होती.

म्हणून तुला विचारते, सेफ म्हणजे काय ते एकदा नीट मांड. दिरांच्या डोक्यात सेफ म्हणजे शेजारी कोणत्या आडनावाचे. माझं मत विचारशील तर जळगावात पोरांच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका शेजाऱ्यांचा नाही, हायवेचा आहे. सुरत-नागपूर महामार्ग शहराच्या पोटातून जातो, जिल्हापेठ, रिंगरोड, गणेश कॉलनी अलीकडे आणि महाबळ, मोहाडी रोड, मेहरूण पलीकडे, समांतर रस्ते द्या म्हणून इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केलीत ते काही हौस म्हणून नाही. आता काही चौकात खालून बोगदे झालेत, आधीपेक्षा बरं आहे, पण नियम सोपा ठेव: घर आणि शाळा हायवेच्या एकाच बाजूला. कुठल्या का बाजूला असेना. पलीकडे राहायला हरकत नाही, तिकडे पण शाळा आहेत, राहणं पलीकडे आणि शाळा अलीकडे असं करू नको. पाचवीतल्या मुलीला दोन वर्षांत सायकल हवी असेल, आणि ती सायकल तिला मिळायला हवी, नाहीतर आपण "सेफ" एरिया घेतो आणि पोरगी कुठेच एकटी जाऊ शकत नाही, मग काय उपयोग.

आता "आपले लोक". मी त्याची टिंगल करणार नाही, त्यात पण सुख आहे. रात्री बारा वाजता पोराला ताप आला तर शेजारची काकू न विचारता उठते, सासूबाईंचं मन रमतं, कानबाईच्या सणाला रोट करायचे तर दहा हात येतात, पुरणाचे मांडे खापरावर टाकायला कोणाला बोलवावं हा प्रश्न पडत नाही. तू नोकरी करणार असशील तर संध्याकाळी पोरांवर नजर ठेवायला माणसं मिळतील हे पण खरं. पण त्याच नजरेचं दुसरं टोक मी पाहिलंय. मुलगी तेरा-चौदाची झाली की ती क्लासला कोणत्या रस्त्याने गेली, कोणाशी बोलली, हे तुझ्या आधी तुझ्या सासूबाईंना कळेल. आणि पोरं दुसऱ्याचं नाव विचारायच्या आधी आडनाव विचारायला शिकतात. माझा धाकटा सहावीत असताना मित्राला घरी आणायच्या आधी मला म्हणाला, "आई, ते आपल्यातले नाहीत, चालेल ना?" आम्ही घरात कधी असं बोललो नव्हतो, म्हणजे मला तरी तसं वाटत होतं. गल्लीतून आलं ते. तू लिहिलंस डबकं, शब्द कडक आहे पण चुकीचा नाही.

आणि एक सांगू, तुला जे उधन्याला मिळालं ते कोणी प्लॅन करून दिलं नव्हतं, भाडं परवडलं म्हणून सगळे एका बिल्डिंगमध्ये आले. जळगावात पण तसंच आहे, मिक्स वस्ती बहुतेक तिथे असते जिथे नोकरदार लोक भाड्याने राहतात, बँकवाले, प्राध्यापक, रेल्वेवाले, एमआयडीसीत कामाला आलेले. जुन्या गावात पण आहे बरं का, आणि ती आजची नाही. कार्तिकी एकादशीला रामाचा रथ निघतो तो भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबतो, चादर चढते, मग पुढे जातो. सासूबाईंना हे माहीत असेल, विचारून बघ. नव्या कॉलन्या मात्र एकेका समाजाच्या होत चालल्यात.

भुसावळबद्दल. मी तिथे दहा वर्षं रेल्वे क्वार्टरमध्ये काढली, लहानपणी, म्हणून माझं मत एकतर्फी आहे हे आधीच कबूल. खान्देशात सगळ्यात मिक्स गाव तेच. रेल्वेचं मोठं जंक्शन, डिव्हिजनचं ऑफिस, शिवाय गावाला आणि जवळ वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरला वीज केंद्र, त्यामुळे केरळ, आंध्र, बिहार, बंगाल, कुठकुठचे लोक पिढ्यानपिढ्या येत राहिलेत. आमच्या लाइनीत एका घरातून इडलीच्या पिठाचा वास, पुढच्या घरात मासे, आमच्याकडे कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि दुपारी तीन वाजता सगळ्या बायका एकाच बाजेवर. बदलीवाल्यांच्या पोरांसाठी केंद्रीय विद्यालय पण आहे. पण मिस्टरांची ब्रँच जळगावला, अंतर पंचवीसेक किलोमीटर, गाड्या भरपूर असल्या तरी रोज जाऊन-येऊन माणूस संध्याकाळी पोरांच्या वाट्याला किती येतो ते बघ. आणि भुसावळचं नाव पेपरात नेहमी चांगल्याच कारणाने येतं असं पण नाही. जळगावची ब्रँच आहे तोवर जळगावातच राहा, पुढे बदली झाली तर भुसावळला घाबरून नाही म्हणू नको, एवढंच.

धुळ्याचा विषय सोड, नणंदेला राग येऊ देऊ नको पण नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवरून बँकेची नोकरी होत नाही. सासूबाई धुळ्याचं नाव काढलं की २००८ आणि २०१३ च्या दंगली काढत असतील, तर ते झालेलं आहे, मी नाकारत नाही. माझी मैत्रीण तेव्हा तिथेच होती. ती म्हणते ज्या गल्लीत रोजचं जाणंयेणं होतं तिथे लोकांनी एकमेकांची पोरं घरात घेतली, जिथे फक्त तोंडओळख होती तिथे दारं बंद झाली. तिचं सांगणं, मी तसंच पुढे देतेय.

आता शाळा. तू विचारलंस कुठली चांगली, मी नाव देणार नाही, कारण शाळा म्हणजे मुख्याध्यापक, ते बदलले की दोन वर्षांत शाळा बदलते. कसं बघायचं ते सांगते.

पहिलं म्हणजे बोर्ड. बाहेर पाटीवर "सीबीएसई पॅटर्न" लिहिलेलं असेल तर लगेच विचार, पॅटर्न की संलग्नता? पॅटर्न म्हणजे पुस्तकं तशी वापरतात, मान्यता असेलच असं नाही. संलग्नता नंबर माग, सीबीएसईच्या साइटवर टाकून बघ. स्टेट बोर्डाची असेल तर यूडायस नंबर माग, अकरा आकडी असतो, प्रत्येक मान्य शाळेला असतोच. ऑफिसातला माणूस नंबर सांगायला का-कू करायला लागला तर चहा पिऊन निघून ये. दरवर्षी अनधिकृत शाळांच्या याद्या निघतात आणि दरवर्षी पालक रडतात, आम्हाला माहीत नव्हतं म्हणून.

मुलीसाठी तू अगदी बरोबर वर्षी येऊन राहिलीस. आपल्याकडे बऱ्याच प्राथमिक शाळा चौथीला संपतात आणि हायस्कूल पाचवीपासून सुरू होतं, त्यामुळे पाचवीत सगळ्यांचीच अदलाबदल असते, ती एकटी नवीन नसेल. सेमीचा पण विचार कर, गणित-विज्ञान इंग्लिशमधून आणि बाकी मराठीतून. पण एक अडचण आधीच लक्षात घे. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात कुठल्याही बोर्डाच्या शाळेत मराठी शिकवायलाच लागते, आणि तुझी मुलगी बोलते घरी अहिराणी, गल्लीत हिंदी-गुजराती, लिहिते इंग्लिश. मराठी तिला कळेल सगळं, पण लिहिताना ती "शे" आणि "आहे" मध्ये गोंधळेल आणि कोणीतरी बाई हसेल. मला भीती मार्कांची नाही, त्या हसण्याची आहे. म्हणून शाळेत गेलीस की मुद्दाम सांग, घरी आम्ही अहिराणी बोलतो, आणि समोरच्या बाईंचा चेहरा बघ. तोंड वाकडं केलं की समजून जा. जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलंय, त्यांनी आपल्या घरच्याच बोलीत ओव्या रचल्या, आणि इकडे पोरांना शाळेत घरची भाषा बोललं की गावंढळ म्हणतात, जाऊ दे, तो विषय निघाला तर मी थांबणार नाही. एप्रिलपासूनच रोज अर्धं पान शुद्धलेखन घे तिच्याकडून, मे महिन्यात सुट्टी आहेच.

मुलाचं वेगळंच आहे. गुजरातमध्ये पहिलीला १ जूनला सहा पूर्ण लागतात, म्हणून तिकडे तो यंदा बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गातच राहिला असता. आपल्याकडे ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण चालतात, म्हणजे इथे त्याला थेट पहिली मिळू शकते. मिळते म्हणून घ्यायचीच असं नाही. पेन्सिल नीट धरत नसेल, तास-दीड तास बसत नसेल, तर एक वर्ष सीनियर केजीत खेळू दे, गावाला तोंड द्यायचं आणि पहिलीला पण तोंड द्यायचं, एकाच जूनमध्ये दोन्ही नको. (बाकी वाचणाऱ्यांसाठी: आरटीईच्या, म्हणजे खाजगी शाळेतल्या फुकट शिक्षणाच्या, २५ टक्के जागांचा फॉर्म भरायचा असेल तर शाळेपासूनचं अंतर पत्त्यावरून धरतात, आणि भाड्याचं घर असेल तर नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, नुसत्या स्टॅम्पवरचा चालत नाही.)

आता मुख्य काम. तू आणि मिस्टर एप्रिलमध्ये दोन दिवस या, रविवारी नाही, शाळेच्या दिवशी. आपल्याकडे तेव्हा उन्हामुळे सकाळची शाळा असते. शाळा सुटायच्या टायमाला गेटच्या समोर, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, उभी राहा. प्रिन्सिपलला भेटायच्या आधी हे कर. बघ पोरं कशी बाहेर येतात, कोणी मोठं माणूस गेटवर आहे का, शिट्टी घेऊन. व्हॅनमध्ये किती कोंबतात ते मोज, खरंच मोज, एक-दोन-तीन करून, माझ्या ओळखीच्या एका व्हॅनमध्ये सोळा निघाली होती आणि त्यातली दोन गॅसच्या टाकीवर बसली होती. स्कूल बसचे नियम २०११ पासून आहेत, मदतनीस पाहिजे, मुली असतील तर बाई मदतनीस पाहिजे, आणि शाळेची परिवहन समिती असते तिच्यावर मुख्याध्यापक स्वतः असतात, म्हणजे "व्हॅन आमची नाही" हे उत्तर त्यांना देता येत नाही. तरी देतात.

मग आत जा. सखी सावित्री समितीत, म्हणजे पोरींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते त्या समितीत, कोण आहे ते विचार, नावं सांगता आली पाहिजेत, फाईल शोधायला लागली तर ती समिती फाइलमध्येच आहे. बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले त्यानंतर ऑगस्ट २०२४ ला सरकारने शाळांना सीसीटीव्ही बंधनकारक केले, कॅमेरे बहुतेक ठिकाणी दिसतील, पण मी कॅमेऱ्यापेक्षा मुलींच्या संडासाकडे जायचा पॅसेज बघते, अंधारा आहे का, कडी लागते का, पाणी आहे का. बाई म्हणून तू जाऊन ये, कोणी अडवणार नाही.

आणि जमलं तर हजेरी चालू असताना वर्गाच्या बाहेर दोन मिनिटं उभी राहा. पाटील, पाटील, चौधरी, पाटील, महाजन, पाटील असं चाललं असेल तर तुझ्या डबक्याचं उत्तर तिथेच मिळालं. मध्येच शेख, तडवी, अहुजा, सोनवणे, जैन, यादव, पावरा ऐकू आलं तर बरं वाटेल तुला. मधल्या सुट्टीत डबे पण बघ, कोण कोणाच्या डब्यात हात घालतंय. पाच मिनिटांत कळतं, त्याला कुठलं रँकिंग लागत नाही.

घरासाठी अकरा महिन्यांचा करार करा, भाड्याने राहा, शाळेपासून पोरगी चालत जाईल इतक्या अंतरावर. दिरांचा प्लॉट नाकारू नका, बघायला मात्र जा, एप्रिलमध्ये चिखल दिसणार नाही पण काळ्या मातीच्या भेगा दिसतील, शेजारच्या बांधलेल्या घरांच्या कंपाउंडला तिरक्या चिरा गेल्यात का बघ. पाणी किती दिवसाआड येतं हे प्लॉटवाल्याला विचारू नको, तिथल्या एखाद्या बाईला विचार, ती टाकीची साइज पण सांगेल. आणि पावसाळ्यात दूधवाला कुठपर्यंत येतो ते विचार, तिला लगेच कळेल तू काय विचारतेस. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गावात काढून मग प्लॉट घ्यावासा वाटला तर घे, त्याच कॉलनीत घ्यावासा वाटला तरी घे, तेव्हा पोरांचे मित्र आधीच सगळीकडचे झालेले असतील. सासूबाईंना सांग भाड्याचं घर तात्पुरतं आहे, खोटं नाहीच ते, आणि कानबाईला धरणगावला सगळे जाणारच आहात.

हं, आणि भाड्याचं घर बघताना वरच्या मजल्यावरचं, थेट स्लॅबखालचं घेऊ नको, कितीही स्वस्त दिलं तरी. सुरतेचा उन्हाळा तू पाहिलाय, जळगावचा विसरली असशील, मे महिन्यात रात्री दोनपर्यंत छत तापलेलं असतं आणि कूलरमध्ये टाकायला पाणी कुठून आणशील.